दारात समुद्र, तरी तिसरा स्किमर

समुद्र माझ्या घरापासून चालत सहा मिनिटांवर आहे. तरी जून ते सप्टेंबर मला माझ्या माशांच्या टाकीसाठी समुद्राचं पाणी मिळत नाही.

मालवणात राहून असं बोललं की लोक हसतात. गेल्या आठवड्यात कुडाळचा एक तरुण मुलगा विहिरीवरचा पंप वाइंडिंगला घेऊन दुकानात आला, तोही हसला. काउंटरवर मी एक मुठीएवढा पंप उघडून बसलो होतो. त्याने तो बरोबर ओळखला. "काका, हा स्किमरचा ना?" मग कळलं, त्याने दोन महिन्यांपूर्वी घरात तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आहे आणि आता स्किमर, म्हणजे टाकीच्या पाण्यातला मळ फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र, शोधतोय. मोबाईलवर त्याने दोन खोके दाखवले. एकावर लिहिलेलं ४०० लिटरपर्यंत, दुसऱ्यावर ८००. "मोठाच घेतो ना काका? उद्या टाकी वाढवली तर?"

मी विचारलं, "तुझ्या संपमध्ये पाणी किती इंच उभं राहतं?"

संप म्हणजे मुख्य टाकीखाली ठेवलेली दुसरी पेटी, स्किमर तिच्यात उभा असतो. किती इंच ते त्याला माहीत नव्हतं. म्हटलं, मोजून फोन कर, मग बोलू. तो जरा नाराजच होऊन गेला. खोक्यावरचा आकडा सोडून हा म्हातारा इंच काय विचारतोय, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी मलाही कोणी इंच विचारले असते तर मी हेच तोंड केलं असतं. माझ्या घरात आता तिसरा स्किमर आहे. पहिला भंगारात गेला, दुसरा माळ्यावर पडलाय.

आधी पाण्याचं सांगतो, म्हणजे स्किमरची एवढी पडलेली का ते कळेल. आमच्या उत्तरेला गडनदीची कालावलची खाडी, दक्षिणेला देवबागला कर्लीची. पाऊस लागला की दोन्हीकडून तांबडं गोडं पाणी समुद्रात उतरतं. एका जुलैत हौसेने दांडीच्या किनाऱ्यावरून बादली भरून आणली आणि क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवला तर क्षारता (किलोभर पाण्यात ग्रॅम क्षार) आली २६. त्याच जागी मे महिन्यात ३५ असते. माशांना ३५ हवी. वर त्या पाण्यात गाळ, पालापाचोळा, गावाची सगळी घाण. लांब आत जाऊन आणावं तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, आणि बंदी नसती तरी त्या दर्यात कोण जाणार? म्हणून मी मे महिन्यातच मित्राच्या होडीतून किल्ल्याच्या पलीकडे, भरतीच्या वेळी, पस्तीस लिटरचे कॅन भरून आणतो आणि दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात झाकून, अंधारात ठेवतो. त्या पिंपावर पावसाळा काढायचा. एरवी मी दर आठवड्याला पंचवीस लिटर पाणी बदलतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, तेही हात आखडून. परदेशी मिठाची बादली घरात आहे, पण ती औषधासारखी, अडीअडचणीला. समुद्राच्या काठावर राहून मीठ विकत घेऊन समुद्र बनवायचा, हे मला अजून जड जातं.

तर या चार महिन्यांत टाकीचा मळ बाहेर काढणारं एकच माणूस घरात असतं, ते म्हणजे स्किमर.

आईला हे समजावायला काही कष्ट पडले नाहीत. तुरीची डाळ शिजायला लागली की वर येणारा फेस ती पळीने काढून टाकते. साखरेचा पाक करताना चमचाभर दूध घालून मळी वर आणते आणि काढते. मी म्हटलं, तसांच आये. ती म्हणाली, "मगे पळयेन काढ. मशीन कित्याक व्हया?"

पळीने निघत नाही, कारण टाकीतला मळ विरघळलेला असतो. माशांची शी, उरलेलं खाणं, शेवाळाचा चिकटा, यातून प्रथिनं आणि तसलेच पदार्थ पाण्यात उतरतात. त्यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. पळणाऱ्या टोकाला हवेचा बुडबुडा दिसला की रेणू त्याच्या कातडीला जाऊन चिकटतो. स्किमर एवढंच करतो, की नळकांड्यात लाखो बारीक बुडबुडे सोडतो. ते मळ घेऊन वर चढतात, वरच्या निमुळत्या गळ्यात त्यांच्यातलं पाणी निथळून खाली जातं, फेस घट्ट होत जातो आणि शेवटी कपात सांडतो. हे सगळं तो मळ कुजून अमोनिया व्हायच्या आधी होतं, हा खरा फायदा. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट झालं की मग स्किमर हात वर करतो, ते त्याच्याने निघत नाही. जाता जाता बुडबुड्यांमुळे पाण्यात ऑक्सिजनही भरपूर मिसळतो, आणि गरम पाण्यात तो मुळात कमी मावतो, तेव्हा आमच्याकडच्या एप्रिल-मेमध्ये याची किंमत कळते.

गोड्या पाण्याच्या टाकीला स्किमर का नसतो, हे मला बराच काळ पटत नव्हतं. मग दुकानात दोन बरण्या घेतल्या, एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत समुद्राचं, आणि दोन्हीत एकाच पंपाला जोडलेले सारखे एअर स्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारे सच्छिद्र खडे, सोडले. विहिरीच्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून वाटाण्याएवढे होऊन भराभर वर येऊन फुटत होते. समुद्राच्या पाण्यात ते वेगळेच राहत होते, बारीक, आणि बरणी ताकासारखी पांढरी झाली. पाण्यातले क्षार बुडबुड्यांना एक होऊ देत नाहीत. बारीक बुडबुडे म्हणजे जास्त कातडी, आणि जास्त कातडी म्हणजे जास्त मळ. श्रावणात किनाऱ्यावर मळकट फेसाच्या लादी येऊन पडतात ना, वाऱ्यावर थरथरत, तो समुद्राने स्वतःच काढलेला मळ आहे. लाटा ढवळतात, पाण्यात कुजलेलं जे काही असतं ते फेसाला धरून बाहेर येतं. शेजारचे रापणकर काका पहिल्यांदा माझा कप बघून म्हणाले होते, "मेल्या, समुद्र दारात आसा, मगे तो घरात कित्याक आणलंस? आणि आणलंस तो आणलंस, फेसासकट आणलंस?"

पहिला स्किमर मी स्वतः बनवला. मोटरीच्या धंद्यातला माणूस, विकत कशाला घेईल? तीन इंची पीव्हीसी पाइप, वर पारदर्शक बाटलीचा गळा, तळाशी लाकडी एअर स्टोन आणि साधा हवेचा पंप. चार दिवस फेस बघून घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. हे लाकडी स्टोन खरे लाइमवूडचे असतात, त्याच्या बारीक छिद्रांतून धुक्यासारखे बुडबुडे निघतात. पण महिनाभरात ते लाकूड फुगतं, बुळबुळीत होतं, छिद्रं बुजतात, बुडबुडे मोठे होतात आणि फेस बसतो. नवा स्टोन मागवायला आठ दिवस. शहाणपणा करून पांगाऱ्याच्या लाकडाचे तुकडे कापून बघितले, मऊ असतं म्हणून. बुडबुडे आले ते जत्रेतल्या सोड्यासारखे. हा प्रकार वाईट नाही. वीज अगदी कमी खातो, लहान टाकीला चालतो. पण ज्याला दर महिन्याला स्टोन बदलायचं लक्षात राहतं अशा माणसासाठी तो आहे. मी तसा नाही.

दुसरा घेताना मी त्या कुडाळच्या मुलासारखाच वागलो. टाकी चार फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे हिशोबाने २५५ लिटर, दगड-वाळू वजा जाता आणि खालचा संप धरून साधारण २७० लिटर पाणी. स्किमर घेतला १००० लिटरपर्यंतचा. विहिरीवर दीडच्या जागी दोन एचपीची मोटर बसवावी तसं. आला तेव्हा काय ऐट होती, उभा केला की गुडघ्याच्या वर!

आणि फेस चढेना.

पहिले तीन दिवस तर मी बटण फिरवत बसलो. नवा स्किमर काही दिवस असाच नखरा करतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अ‍ॅक्रिलिकवर कारखान्यातलं तेलकटपण असतं, ते जाऊन आतून बारीक चिकट थर बसेपर्यंत कधी फेस नाही, कधी नुसतं पाणीच कपात. टाकीला लावायच्या आधी व्हिनेगरच्या पाण्यात तासभर चालवावा आणि मग आठवडाभर हात लावू नये. हे जमणं सगळ्यात कठीण. पण माझं दुखणं वेगळं होतं. माझ्या टाकीत मासे किती? हॅचरीतले दोन क्लाऊन, एक ब्लेनी, एक डॉटीबॅक, एक क्लीनर कोळंबी आणि काही शंखातले खेकडे. प्रवाळ नाहीत. सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि सिंधुदुर्गाच्या पाण्यात ते जिवंत बघायला मिळतात तेवढं मला पुरतं. टाकीतले दगडही सिमेंट आणि सिरॅमिकचे. तर एवढ्याशा माशांचा मळ तो किती? त्या जाड गळ्यात फेसाचा खांब उभा राहायला जेवढा मळ लागतो तेवढा माझ्या टाकीत तयारच होत नव्हता. फेस अर्ध्यावर येऊन चुळबुळायचा आणि खाली बसायचा. खायला घातल्यावर तासभर जरा वर चढायचा. कप आठ-आठ दिवसांत जेमतेम तळाला ओला.

खोक्यावरचा "पर्यंत" हा शब्द भलता लबाड आहे. १००० लिटरपर्यंत म्हणजे १००० लिटर पाण्यात थोडे मासे असतील तर. तेच मासे वाढवले, खाणं वाढवलं, की तोच आकडा निम्म्यावर येतो. म्हणून लोक सांगतात की टाकीच्या दीडपट-दुप्पट आकड्याचा घ्या. भरपूर मासे असतील तर ते बरोबर आहे. पण चौपट घेतला की माझ्यासारखी गत. लिटरपेक्षा मासे मोजावेत आणि आपण रोज किती खायला घालतो ते बघावं.

त्यात उंची. पंप आत असलेला स्किमर ठरावीक पाण्यातच नीट चालतो. बहुतेकांना सहा ते नऊ इंच पाणी लागतं, नेमकं किती ते प्रत्येकाच्या कागदावर लिहिलेलं असतं. पाणी जास्त झालं तर फेस ओला होऊन कप भरून वाहतो, कमी झालं तर फेस वर पोचत नाही. त्यामुळे स्किमर संपमधल्या अशा कप्प्यात हवा जिथे काचेच्या आडव्या पट्टीमुळे पातळी हलत नाही. बाष्पीभवनाने पाणी घटतं ते शेवटच्या, पंपाच्या कप्प्यात घटू दे. माझा तेव्हाचा संप म्हणजे नुसती एक काचेची पेटी. मे महिन्यात पंखा लावला की रोज चार-पाच लिटर पाणी उडायचं, सकाळची पातळी संध्याकाळी नाही. स्किमर सकाळी एक, रात्री दुसराच.

आणि मग जुलैची ती रात्र. माडाची झावळी तारेवर पडली की आमच्या वाडीतली लाईट जाते, पावसाळ्यात हे चालायचंच. रात्री दीडला गेली, साडेतीनला आली. लाईट गेली की वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून उलटं संपमध्ये उतरतं, पातळी तीन-चार इंच चढते. लाईट आली की स्किमर त्या खोल पाण्यातच सुरू होतो आणि पहिल्या दोन मिनिटांत गळ्यातून फेस नाही, पाण्याची धारच वर जाते. कपात दहा दिवसांचा साचलेला काळा रस होता, तो सगळा धुऊन संपमध्ये परत. सकाळी टाकी भाताच्या पेजेसारखी गढूळ आणि दोन्ही क्लाऊन वरच्या कोपऱ्यात तोंड उघडून. पिंपातलं सत्तर लिटर पाणी त्या एका सकाळी गेलं. जुलैचा दुसरा आठवडा, पुढचा अख्खा पावसाळा बाकी. बायको फडकं घेऊन उभी होती, ती एवढंच म्हणाली, "अहो, मासे समुद्रात बरे होते."

त्यावर मी केलं ते धंद्यातलंच. सबमर्सिबल पंपाच्या पॅनेलला आम्ही जो ऑन-डिले टायमर लावतो तो स्किमरच्या लायनीत घातला. लाईट आल्यावर मोठा पंप लगेच सुरू होतो, पाणी वर जातं, पातळी जागेवर येते आणि दहा मिनिटांनी स्किमर. टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडलं, म्हणजे हवा शिरून उलटा ओघ तुटतो. हे भोक महिन्यातून एकदा काडीने साफ करावं लागतं, गोगलगायी त्यातच बसतात. टायमर आजही आहे. कोकणात स्किमर घेणाऱ्याने त्याच्या किमतीत हा टायमर धरूनच हिशोब करावा असं माझं मत आहे.

तिसरा घेताना मी आधी आकडा बघितलाच नाही. संप नवा करून घेतला, स्किमरच्या कप्प्यात पाणी साडेसात इंच. मग रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून स्किमरच्या मापाचा ठोकळा कापला, लांबी-रुंदी-उंची सगळी, आणि तो टाकीखालच्या कॅबिनेटमध्ये उभा करून बघितला. नुसता मावणं पुरत नाही. कप वर उचलून काढायला अजून चार-पाच इंच लागतात आणि ते नसले तर दर वेळी अख्खा स्किमर बाहेर ओढावा लागतो. मग माणूस कप धुवायचंच टाळतो. संपमध्ये जागा नसेल तर टाकीच्या मागे टांगायचे मिळतात, लहान टाकीला बरे, पण भिंतीपासून टाकी चांगली वीतभर पुढे ओढावी लागते आणि सांडलं तर थेट जमिनीवर.

त्यानंतर पंप. हा माझा प्रांत, म्हणून जरा रेंगाळतो. आजकालच्या बहुतेक स्किमरमध्ये पंपाच्या पंख्याला पात्यांऐवजी सुयांचा झुपका असतो. पंप पाण्याबरोबर हवा ओढतो आणि त्या सुया हवेचे तुकडे तुकडे करतात. हवा किती ओढतो ते महत्त्वाचं, आणि ते घरी मोजता येतं. एक लिटरची रिकामी बाटली बादलीत उपडी धरायची, हवेच्या नळीचं टोक आत वरपर्यंत घालायचं आणि पंप चालू करायचा. तो बाटलीतली हवा ओढतो तसं पाणी आत चढतं. बाटली हळूहळू खाली दाबत आतलं-बाहेरचं पाणी एका रेषेत ठेवायचं. माझ्या पंपाने बाटली बारा सेकंदांत संपवली, म्हणजे तासाला ३०० लिटर हवा. नवीन असताना एकदा मोजून भिंतीवर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तीच बाटली वीस सेकंद घेत असेल तर हवेच्या तोंडाशी मीठ जमलंय, दुसरं काही नाही. कोमट गोडं पाणी ओढू दिलं की सुटतं.

एसी पंप म्हणजे लोहचुंबकाचा रोटर आणि बाहेर वाइंडिंग, वाइंडिंग राळेत पक्कं ओतलेलं. तीस वर्षं मोटरी बांधतोय, पण हा पंप जळला तर मला तो बांधता येत नाही, फोडावाच लागतो. गिऱ्हाइकं यावर खूप खूश होतात. पण तो सहसा जळत नाही, अडकतो. शाफ्टवर चुन्याचा थर बसला की लाईट येऊन-जाऊन झाल्यावर नुसता टर्र वाजतो, फिरत नाही. कधी उलटाही फिरतो, कारण या जातीच्या रोटरला दिशेचं फारसं सोयरसुतक नसतं. फेस अचानक गेला आणि पंप तर चालू दिसतोय, अशा वेळी बंद करून परत लावून बघावा. परदेशातून कोणी भेट आणणार असेल तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे ना ते आधी विचारा. अमेरिकेतला ६० हर्ट्झवरचा पंप ३६०० फेऱ्यांच्या हिशोबाने बनवलेला असतो, तो इथल्या ५० हर्ट्झवर ३००० च फिरेल, आणि ११० व्होल्टचा असला तर तेवढंही फिरायला जिवंत राहणार नाही.

मी शेवटी डीसी घेतला. बारा वॅट खातो, आधीचा तीस खात होता. महिन्याला तेरा युनिटं वाचतात, पण घेतला तो इन्व्हर्टरसाठी. साधा स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर एसी पंप त्यावर गुरगुरतो आणि तापतो, साइन वेव्हवर बरा चालतो. डीसीला अ‍ॅडॉप्टर मध्ये असल्यामुळे त्याचं एवढं अडत नाही. १५० एएचच्या एका बॅटरीवर माझा मोठा पंप, स्किमर आणि एक लाटेचा पंप मिळून पन्नास वॅट, पंधरा तास आरामात निघतात. डीसीची खोड म्हणजे त्याचा कंट्रोलर. आमच्या खारट दमट हवेत त्याच्या आतल्या सर्किटच्या पाट्या हिरव्या पडतात. तो कॅबिनेटच्या बाहेर, उंचावर टांगा आणि वायरीला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेला थेंब झोळातून खाली पडेल, कंट्रोलरमध्ये शिरणार नाही. घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारा: इंपेलर, म्हणजे पंपाचा तो सुयांचा पंखा, सुटा मिळतो का? "सर, तो खराबच होत नाही" असं उत्तर आलं की दुसरं दुकान बघा.

मग आकडा? ४०० लिटरपर्यंतचा आहे. २७० लिटरला दीडपट. गळा मनगटाएवढा. चौथ्या दिवशी रंग आला, दहाव्या दिवशी कपात कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी २००९ आणि २०१० मध्ये वेगवेगळे स्किमर घेऊन पाण्यातला सेंद्रिय कार्बन मोजला होता. एकूण कार्बनापैकी साधारण २० ते ३० टक्केच स्किमर काढू शकतात असं निघालं, आणि एका स्किमरमध्ये नि दुसऱ्यात फरकही किमतीतल्या फरकाच्या मानाने अगदी थोडा. हे वाचल्यावर माझा ब्रँडचा मोह गेला. बाकीच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांसाठी पाणी गाळायचा कार्बनचा कोळसा, दगड, वाळूतले जिवाणू आणि मे महिन्यातलं ते निळं पिंप.

चांगला स्किमर घेऊनही घोटाळे होतातच. एकदा फेस सकाळी एकदम बसला. गळा काचेसारखा स्वच्छ, आत नुसतं पाणी बुडबुडतंय. पंप उघडला, धुतला, काही नाही. संध्याकाळपर्यंत डोकं खाजवल्यावर माझ्या मुलाने कबूल केलं की माशांना घालायची कोळंबी संपली होती म्हणून त्याने बांगड्याचा तुकडा बारीक करून घातला. बांगड्याचं तेल! फेसाला तेलाचं वैर असतं, थेंबभर पुरतो. सात-आठ तासांनी आपोआप परत आला. असंच डोक्याला खोबरेल लावून तेच हात टाकीत घातले की होतं, आणि हे आमच्या घरात दर रविवारी व्हायचं. आता कॅबिनेटवर साबण नाही, फक्त राखेची वाटी आणि पाण्याचा तांब्या ठेवलाय, कारण साबणाने उलटा प्रकार होतो, फेस कपाबाहेर धावत येतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायच्या काही औषधांनीही असंच धावतं. तेव्हा कप काढून ठेवायचा आणि एक-दोन दिवस वाट बघायची.

कप दर तीन दिवसांनी धुतो. गळ्याच्या आत जो तपकिरी चिकट कडा बसतो तो बोटाने पुसून काढला की दोन तासांत फेस दुप्पट चढतो, कुठलंही बटण फिरवून एवढा फरक पडत नाही. वास मात्र विचारू नका. ओहोटीला खाडीचा चिखल आणि त्यात आठवड्याचं सुक्या मासळीचं पाणी. बेसिनमध्ये ओतायची घरात सक्त मनाई आहे. आईने त्याची जागा ठरवून दिली आहे, मागच्या अंगणातला दुसरा माड. माडाच्या आळ्यात मीठ घालायची पद्धत आमच्याकडे जुनीच, त्यामुळे खारट पाण्याचं त्याला काही वाटत नाही, आणि खत फुकट. पहिल्या माडाला घालायचं नाही, कारण त्याचे शहाळे पाहुण्यांसाठी. असं का, ते मी विचारलेलं नाही.

आवाजाचं राहिलंच. हवा ओढणाऱ्या नळीचा सूं असा आवाज रात्री ऐकू येतो. नळीच्या टोकाला सायलेन्सर येतो, तो फेकू नका. मी ती नळी लांब करून खिडकीबाहेर काढली आहे. आवाजही बाहेर गेला आणि पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद घरात माणसांच्या श्वासाने साचणारा कार्बन डायऑक्साइड टाकीत ओढला जायचा तो थांबला, रात्रीचा पीएच जरा वर राहतो. टोकाला मच्छरदाणीचा तुकडा बांधलाय. पहिल्या वर्षी बांधला नव्हता, तेव्हा एक कुंभारमाशी आत घर करून बसली होती.

काल रात्री जेवताना कुडाळच्या त्या मुलाचा फोन आला. टेप लावून मोजलं म्हणाला, अकरा इंच. आणि तो ८०० वाला कार्टमध्ये टाकून ठेवलाय, ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे.

म्हटलं, ऑफर जाऊ दे. उद्या काचवाल्याकडे जा आणि आडवी पट्टी आठ इंचांवर कापून घे. नाहीतर पीव्हीसी पाइपच्या तीन इंच उंचीच्या चार चकत्या काप, त्यावर स्किमर उभा कर. तुझा विहिरीचा पंप शनिवारी तयार होतोय. येताना टाकीचा फोटो आण, कॅबिनेटचं दार उघडं ठेवून काढलेला.